सांता, त्याचे भाऊबंद आणि दुकानांतला नाताळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये लाल डगलेवाला सांता येऊन बसतो आणि घरोघरी मुलांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. लंडन, टोरोंटो, न्यू जर्सी, मेलबर्न इथल्या मराठी घरांत तर ती नोव्हेंबरातच सुरू झालेली असते. हिवाळ्यात मुलांसाठी भेटी आणणाऱ्या मंडळींच्या लोककथा आणि त्यांच्या नावानं मोठमोठ्या दुकानांनी उभं केलेलं अद्भुत जग, हे दोन्ही माझ्या फार जिव्हाळ्याचे विषय. पालक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सांताक्लॉज खरंच होऊन गेला का?

त्याच्या मुळाशी एक खरा माणूस आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर मायरा नावाचं बंदर होतं. आता त्या गावाला देमरे म्हणतात. तिथले बिशप म्हणजे संत निकोलस. त्यांच्या आयुष्याबद्दल पक्की माहिती थोडीच आहे, कथा मात्र भरपूर, आणि त्यांतली एक इतकी सुंदर आहे की पुढची सगळी परंपरा तिच्यातूनच उगवली असं मला वाटतं.

गावातला एक सधन माणूस पार कफल्लक होतो. घरात तीन मुली लग्नाच्या, हुंड्याला पैसा नाही, आणि आता त्यांना विकण्याची वेळ येणार. निकोलसच्या कानावर हे जातं. ते रात्री जाऊन उघड्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकतात आणि अंधारात निघून जातात. थोरलीचं लग्न होतं. मग दुसरीसाठी तसंच. तिसऱ्या वेळी बाप जागा राहून पाळत ठेवतो, धावत जाऊन देणाऱ्याला गाठतो. निकोलस त्याला एवढंच बजावतात, की मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगू नकोस. आपल्याकडे याला गुप्तदान म्हणतात. पुढे कथा सांगणाऱ्यांनी खिडकीचं धुराडं केलं आणि थैली वाळत घातलेल्या मोज्यात पडली. मोजे टांगण्याची रीत तिथून आली असं सांगतात.

१०८७ साली इटलीतल्या बारी गावच्या खलाशांनी निकोलसच्या अस्थी मायराहून उचलून आपल्या गावी नेल्या, आणि या संताची कीर्ती पश्चिम युरोपभर पसरली. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो.

मग तो उत्तर ध्रुवावर कसा जाऊन बसला?

वाट हॉलंडवरून जाते. डच लोकांचा सिंटरक्लास म्हणजे हाच निकोलस. डचांनी वसवलेल्या न्यूयॉर्कमध्ये, त्यांचं राज्य जाऊन बराच काळ लोटल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लेखकांनी त्याला पुन्हा हौसेनं उभा केला. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात एक कविता छापून आली. आठ रेनडिअर, छपरावर उतरणारी घसरगाडी, धुराड्यातून येणारा गुटगुटीत म्हातारा, हे सारं त्या कवितेनं पक्कं केलं. कवीचं नाव छापलं नव्हतं. पुढे क्लेमंट मूर यांनी ती आपली असल्याचं सांगितलं, तरी काही अभ्यासक आजही वेगळं नाव घेतात.

मग व्यंगचित्रकार थॉमस नास्ट आले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, जानेवारी १८६३ मध्ये त्यांनी ‘हार्पर्स वीकली’त सांता काढला, तो छावणीत सैनिकांना भेटी वाटताना. पुढची वीसेक वर्षं ते त्याला काढत राहिले. उत्तर ध्रुवाचा पत्ता आणि खेळण्यांचा कारखाना त्यांच्याच चित्रांतून रुळला.

लाल कपडे कोका-कोलानं दिले, हे खरं का?

नाही. हॅडन सुंडब्लॉम यांनी कोका-कोलासाठी १९३१ पासून काढलेली चित्रं जगभर पोचली, त्यामुळे तो गोबरा, हसरा चेहरा सगळ्यांच्या मनात बसला. लाल डगला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चित्रांत दिसतो.

दुकानात सांता पहिल्यांदा कधी बसला?

या मानावर चार-पाच गावं हक्क सांगतात. न्यूयॉर्कचं मेसीज आपली परंपरा १८६२ पासूनची सांगतं. लिव्हरपूलच्या लुइसेस या दुकानानं १८७९ मध्ये मुलांसाठी नाताळची परीनगरी उभारली, म्हणून ते गाव पहिल्या ग्रोटोचा, म्हणजे दुकानातल्या सांताच्या गुहेचा, मान घेतं. लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागातल्या रॉबर्ट्स यांच्या दुकानाचं नाव १८८८ सालासाठी घेतात.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावचा दुकानदार जेम्स एडगर. स्कॉटलंडहून आलेला, उंच, दाढीवाला, मोठ्यानं हसणारा माणूस. १८९० च्या डिसेंबरात त्यानं स्वतःच्या मापाचा सांताचा पोशाख शिवून घेतला आणि तो घालून आपल्याच दुकानात फिरू लागला. बातमी पसरली तशी बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्सहून आईबाप मुलांना आगगाडीनं घेऊन येऊ लागले. गावातल्या गरीब मुलांच्या औषधपाण्याचा खर्च हा माणूस करायचा असं तिथे आजही सांगतात. डगला चढवण्याआधीच तो मुलांचा लाडका होता, म्हणून तो डगला त्याला शोभला. पुढच्या दशकभरात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत सांताची खुर्ची ही नेहमीची गोष्ट झाली.

ग्रोटो म्हणजे नक्की काय? आत काय असतं?

दुकानाच्या एखाद्या मजल्यावर, बहुधा खेळण्यांच्या विभागापलीकडे, लाकूड, कापड, कागदाचा लगदा आणि रंग वापरून केलेली गुहा. सरळ जाऊन सांताला भेटलात असं तिथे होत नाही. वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवतात. एका वळणावर बर्फातलं गाव, पुढे माना हलवणारी अस्वलं, मग खेळणी ठोकणारे बुटके, आणि दर वळणाला उजेड थोडा कमी. दिव्यांनी लखलखलेल्या दुकानातून आलेलं मूल शेवटच्या दाराशी पोचेस्तोवर आपोआप हळू बोलायला लागतं. आपल्या गणेशोत्सवातले हलते देखावे ज्यांनी पाहिलेत त्यांना ही कारागिरी लगेच ओळखीची वाटेल.

या वळणांचा दुसराही उपयोग आहे. मोठ्या दुकानांत एकाच वेळी अनेक सांता बसलेले असतात, वेगवेगळ्या खोल्यांत. मदतनीस प्रत्येक कुटुंबाला असं वळवून नेतात की कुठल्याही मुलाला दोन सांता दिसत नाहीत. बाहेर पडायची वाटही म्हणूनच वेगळी असते. मागे फिरून पुन्हा आत जायचा हट्ट मुलानं केला तर मदतनीस तो का मोडतात, हे आता तुमच्या लक्षात येईल.

सांता होण्याचं शिक्षण असतं का?

असतं. चार्ल्स हॉवर्ड यांनी १९३७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲल्बियन गावी सांतांसाठी शाळा काढली. पोशाख, दाढीची निगा, मुलाशी बोलायची पद्धत, रेनडिअरची माहिती, सगळं शिकवतात. शाळा आता मिशिगनमधल्या मिडलंडला आहे. चांगला सांता एक पथ्य कसोशीनं पाळतो: ‘नक्की आणतो’ असा शब्द तो देत नाही. ‘बघू या हं’ म्हणतो आणि आईबापांकडे नजर टाकतो. आजारी आई बरी व्हावी किंवा वेगळे झालेले आईवडील एकत्र यावेत असं मागणारी मुलंही त्या मांडीवर येतात. त्यांचं नीट ऐकून घेणं हे त्या खुर्चीतलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते जाणून करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

काचेतले नाताळ देखावे कधी सुरू झाले? ते एवढे नावाजलेले का?

मोठ्या काचा करता येऊ लागल्या आणि दुकानांना दर्शनी खिडक्या आल्या. मेसीजनं १८७४ मध्ये नाताळासाठी बाहुल्यांचा देखावा मांडला. सुरुवातीचे देखावे म्हणजे मालाची जाहिरातच होती.

मला आवर्जून सांगायचंय ते १९३८ च्या लॉर्ड अँड टेलरबद्दल. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या या दुकानानं नाताळाच्या ऐन हंगामात खिडक्यांतला सगळा माल काढून टाकला. ना कपडा, ना खेळणं, ना किमतीची चिठ्ठी. फक्त मोठ्या सोनेरी घंटा झुलताहेत आणि त्यांच्या तालावर ध्वनिमुद्रित घंटानाद रस्त्यावर ऐकू येतोय. लोकांनी फुटपाथवर गर्दी केली. त्या खिडक्यांची रचनाही बघण्यासारखी होती. प्रत्येक खिडकीचा तळ पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्यावर बसवलेला. अख्खा देखावा तळघरात उतरवायचा, तिथे कारागिरांनी काम करायचं आणि तयार झाला की वर चढवायचा. ते दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झालं.

मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवर मायर या दुकानाच्या खिडक्या १९५६ पासून सजतात. हेलसिंकीत स्टॉकमन या दुकानाची खिडकी १९४९ पासून. मनिलाच्या क्युबाओ भागातल्या सी.ओ.डी. दुकानाच्या दर्शनी भागावर हलत्या बाहुल्यांचा नाताळ खेळ होत असे, आणि तो पाहायला सगळं शहर रस्त्यावर उभं राही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की काचेबाहेर उभं राहायला पैसे पडत नाहीत. ज्या मुलाला आतलं काहीच मिळणार नाही, त्यालाही देखावा पुरता मिळतो. तिथे दुकानदाराचा हेतू काही का असेना, निकोलसच्या त्या खिडकीची थोडी आठवण मला होतेच.

ही जुनी दुकानं तर बंद पडताहेत. मग या परंपरांचं काय होणार?

आजवरचा अनुभव पाहिला तर धीर वाटतो. दुकान बुडतं, पण मुलांसाठी केलेला भाग लोक बुडू देत नाहीत.

टोरोंटोत ईटन्स या दुकानानं १९०५ मध्ये सांताची मिरवणूक सुरू केली. १९८२ मध्ये खर्च परवडेना म्हणून ईटन्सनं हात काढून घेतले, तेव्हा शहरातल्या लोकांनी आणि व्यावसायिकांनी ती आपल्या अंगावर घेतली. ईटन्सच १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेलं. मिरवणूक आजही निघते आणि टोरोंटोची मराठी मुलं तिला जातात.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये जॉन मार्टिन्स हे दुकान होतं. १८९६ मध्ये त्यांनी ‘मॅजिक केव्ह’ ही सांताची गुहा उघडली. १९३३ मध्ये, मंदीनं लोक पिचलेले असताना, दुकानाच्या एडवर्ड हेवर्ड यांनी मुलांसाठी नाताळची मिरवणूक काढली. निपर आणि निंबल हे दोन झुलते घोडे तिथल्या कैक पिढ्यांचे लाडके. नाताळ तिथे ऐन उन्हाळ्यात येतो, त्यामुळे लोक टोप्या घालून रस्त्याच्या कडेला बसतात आणि मुलं डांबरी रस्त्यावर रंगीत खडूंनी चित्रं काढतात. दुकान १९९८ मध्ये बंद झालं. मिरवणूक, गुहा आणि घोडे तिन्ही टिकली.

लिव्हरपूलचं लुइसेस २०१० मध्ये बंद झालं, तेव्हा तिथला ग्रोटोही दुसऱ्या दुकानानं आपल्याकडे नेला.

रुडॉल्फ हा लाल नाकाचा रेनडिअर जुन्या लोककथेतला आहे का?

वाटतो तसा, पण तो दुकानातच जन्मला. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्ड या कंपनीला १९३९ च्या नाताळात मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका हवी होती. जाहिरात विभागात रॉबर्ट मे नावाचे लेखक होते. त्यांची पत्नी तेव्हा कर्करोगानं आजारी होती आणि पुस्तिका पुरी होण्याआधीच वारली. वरिष्ठांनी काम दुसऱ्याला देऊ केलं, पण मे यांनी ते सोडलं नाही. लिहिलेले तुकडे ते घरी आपल्या छोट्या मुलीला वाचून दाखवत. वेगळा दिसतो म्हणून चिडवला जाणारा आणि शेवटी त्याच वेगळेपणामुळे सगळ्यांना वाट दाखवणारा प्राणी त्यातून उभा राहिला. त्या पहिल्याच हंगामात सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. कंपनीनं १९४७ मध्ये हक्क मे यांना परत दिले, आणि १९४९ मध्ये त्यांच्या मेव्हण्याच्या गाण्यानं रुडॉल्फ जगभर पोचला.

इतर देशांत भेटी कोण आणतं?

हॉलंडमध्ये सिंटरक्लास नोव्हेंबरच्या मध्याला बोटीतून येतो, आणि तो स्पेनहून आला असं मुलांना सांगतात. मुलं बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी उघडायच्या, आणि प्रत्येक भेटीसोबत घेणाऱ्याची थट्टा करणारी एक कविता. लिहिणारा घरातलाच, खाली सही मात्र सिंटची. देणाऱ्यानं नाव लपवायची रीत इथे अजून जिवंत आहे.

इटलीत ५ जानेवारीच्या रात्री केरसुणीवर बसून बेफाना नावाची म्हातारी येते. येशूच्या दर्शनाला निघालेल्या राजांनी तिला सोबत बोलावलं होतं, पण तिचं घर झाडायचं राहिलं होतं. मग चुटपूट लागली, आणि तेव्हापासून ती दर घरातल्या मुलासाठी काहीतरी ठेवत फिरते. कामाच्या रगाड्यात मोठा क्षण हुकलेली ही बाई मला सांताहूनही जवळची वाटते. खोड्या करणाऱ्यांना ती कोळसा देते. हल्ली तो काळ्या साखरेचा असतो, त्यामुळे मुलांना तो हवाच असतो.

आइसलंडमध्ये १२ डिसेंबरपासून रोज रात्री एक, असे तेरा भाऊ डोंगरातून उतरतात. कुणी चमचे चाटतो, कुणी दारं आपटतो, कुणी सॉसेज पळवतो. खिडकीत ठेवलेल्या बुटात ते भेट टाकतात, वात्रटपणा केला असेल तर बटाटा. रशियात देद मोरोझ आणि त्याची नात स्नेगुरोच्का नववर्षाला येतात.

स्पेनमध्ये मान येशूच्या दर्शनाला निघालेल्या त्याच तीन राजांचा, आणि हा धागा थेट आपल्या शेजारी पोचतो. गोव्यात ६ जानेवारीला रेईस मागूस, चांदर आणि कासावली इथे तीन राजांचं फेस्त होतं. कासावलीला तीन मुलगे राजांच्या वेशात घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलात जातात.

हॉलंडच्या सिंटरक्लासच्या मिरवणुकीत चेहरे काळे रंगवलेले मदतनीस दिसतात. मुलांना काय सांगायचं?

खरं तेच सांगायचं. कृष्णवर्णीय माणसांची नक्कल करून त्यांना हसण्याचा तो प्रकार होता, तिथल्या कृष्णवर्णीय मुलांना त्याचा त्रास होत होता, आणि अनेक वर्षांच्या भांडणानंतर बहुतेक ठिकाणी तो बदलला. आता धुराड्यातून आल्यामुळे गालावर काजळी लागलेले मदतनीस दिसतात. परंपरा दुखावत असेल तर बदलता येते, हे मुलांना सहज समजतं.

आपल्याकडे हिवाळ्यात मुलांसाठी असं काही आहे का?

आहे की. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण घालतात. लहानग्याला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे ओतायचे. शेजारपाजारची पोरं तुटून पडतात आणि ज्याला जे मिळेल ते त्याचं. कुणी काय दिलं याचा हिशेब तिथेही राहत नाही. परदेशी राहणाऱ्या घरांत सांता आणि बोरन्हाण तीन आठवड्यांच्या अंतरानं सुखानं नांदतात. एकासाठी दुसरं सोडायचं काही कारण नाही.

मूल सांताला पाहून रडतं. काय करावं?

मांडीवर बसवू नका. दोन-तीन वर्षांच्या मुलाला अनोळखी दाढीवाला माणूस भीतीदायक वाटणारच. तुम्ही स्वतः सांताशेजारी बसा, मूल तुमच्याच कडेवर राहू द्या, किंवा लांबून हात हलवून निघा. रडणाऱ्या मुलाचा फोटो गंमत म्हणून काढून सगळ्यांना पाठवणं मला अजिबात पटत नाही.

‘नीट वागला नाहीस तर सांता येणार नाही’ असं म्हटलेलं चालतं का?

कृपा करून म्हणू नका. निकोलसनी त्या तीन मुलींच्या वागणुकीची चौकशी केली नव्हती. शिवाय शेजारच्या श्रीमंत मुलाला सायकल मिळते आणि आपल्याला छोटी गाडी, याचा अर्थ मूल मग आपल्या वागण्याशी लावतं. म्हणूनच महागाची भेट आईबाबांच्या नावानं द्यावी आणि सांताच्या नावानं छोटीशी.

सांता खोटा आहे हे कधी सांगावं?

मूल खरोखर विचारेल तेव्हा. १८९७ मध्ये आठ वर्षांच्या व्हर्जिनिया नावाच्या मुलीनं न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्राला हाच प्रश्न विचारला होता, आणि प्रेम, औदार्य जितकं खरं तितका सांता खरा, अशा अर्थाचा अग्रलेख छापून आला. तो गाजला, पण मी घरात याहून साधं उत्तर सुचवेन. सांगा की आजवर आम्ही करत होतो, आता तू मोठा झालास, तर या वर्षी धाकट्यासाठी तू कर, आणि त्याला कळू देऊ नकोस. मुलं हे काम आनंदानं अंगावर घेतात. फसवलं गेल्याची भावना राहत नाही.

सांताला पत्र पाठवलं तर उत्तर येतं का?

कॅनडातून नक्की पाठवा. तिथल्या टपाल खात्याचे स्वयंसेवक उत्तरं लिहितात. पोस्टल कोड ‘एच झिरो एच, झिरो एच झिरो’, आणि कॅनडातून तिकीट लागत नाही. परतीचा पत्ता पूर्ण लिहा आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र पेटीत पडेल असं पाहा.

पहिल्यांदाच परदेशी ग्रोटो पाहायला जातोय. काय लक्षात ठेवू?

आधी नोंदणी लागते का ते पाहा. न्यूयॉर्कला मेसीजच्या सांतालँडला वेळ राखून ठेवावी लागते. भेट फुकट, फोटोला पैसे. ब्रिटनमध्ये बहुतेक ग्रोटोंना तिकीट असतं आणि त्यात मुलासाठी छोटी भेट धरलेली असते. रांगेत कोट काढून हातात घ्यावे लागतात, म्हणून पिशवी हलकी ठेवा. मुलाला काय मागायचं ते सुचवू नका, आणि मराठीत बोललं तरी थांबवू नका, मदतनीस सांभाळून घेतात.

खर्च नको असेल तर नुसत्या खिडक्या पाहा. पॅरिसला प्रँतां आणि गालेरी लाफायेत या दुकानांच्या काचांसमोर लहान मुलांना चढून पाहता यावं म्हणून छोटे लाकडी चौथरे लावलेले असतात. मोठ्यांनी त्यांच्या मागे उभं राहायचं. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळीच जा.